कान तयार होतो, पण कोणत्या स्वरांवर?

यवतमाळ - मोबाईलच्या पडद्यावर दोन स्वर वाजतात. त्यांतील अंतर ओळखायचे. बरोबर आले की गुण, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. स्वरज्ञानाचे असे ऑनलाइन खेळ आज पुसद, उमरखेडपासून वणीपर्यंत कोणालाही खेळता येतात. चांगल्या गुरूसाठी जिल्ह्याचे ठिकाण किंवा थेट नागपूर गाठावे लागणाऱ्या विद्यार्थ्याने ही सोय का नाकारावी? प्रश्न आहे तो, हे खेळ कान नेमका कशासाठी तयार करतात, हा.

त्याला व्यवहाराची बाजूही आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना २०१७ पासून दहावीत वाढीव गुण मिळू लागले. संगीताच्या या परीक्षांत लेखी उत्तरांवर भागत नाही. परीक्षकासमोर गावे लागते, स्वर ओळखावे लागतात. तेथे पाठांतर कामाला येत नाही. रोज दहा मिनिटे एकट्याने करता येणारा सराव म्हणूनच मोलाचा ठरतो.

मात्र बहुतेक खेळ पियानोच्या स्वरांवर बेतलेले आहेत. त्यांत सप्तकाचे १२ समान भाग असतात. सप्तक १२०० सेंटचे धरले, तर पियानोचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. पंचमात हा फरक अवघा २ सेंटचा. म्हणजे पंचम या खेळांतून निर्धास्त शिकावा. गंधार मात्र चढाच कानात बसण्याची भीती. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गंधार तर कोणत्याच पट्टीवर सापडत नाही.

हा वाद नवा नाही. याच स्वरूपाच्या आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती. १९७१ मध्ये ती अंशतः उठली. विदर्भात गावोगावी भजनी मंडळांनी गाणे टिकवले ते पेटीच्या साथीनेच. त्यामुळे दोष एकट्या मोबाईलला देणे ढोंगीपणाचे ठरेल.

खेळ निवडताना आधार-स्वर आधी ऐकवणारा आणि तो आपल्या षड्जावर लावता येणारा निवडावा. उत्तराचे बटण दाबण्यापूर्वी तो स्वर स्वतः गावा. नाही तर बोट तयार होते, गळा तसाच राहतो. पुढे तोच स्वर तानपुऱ्यावर, निदान तानपुऱ्याच्या ॲपवर, पडताळून पाहावा.

दुसरी सावधगिरी तंत्राची. २००० च्या दशकातील असे अनेक खेळ 'फ्लॅश'वर चालत. ॲडोबने २०२० च्या अखेरीस त्याचा पाठिंबा थांबवला आणि नव्याने न बांधलेले खेळ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. तानपुऱ्याच्या नादावर, रागाच्या छोट्या स्वरसमूहांतून सराव घेणारा मराठी खेळ परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच अभ्यासक्रमाला जोडून दिला, तर तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला पियानोच्या गंधारावर विसंबावे लागणार नाही.