राखणीला जाताना रिव्हॉल्व्हर कशाला?



बाळकुमच्या एका वाचकांनी विचारले आहे की, रात्री शिवारात जाताना कमरेला रिव्हॉल्व्हर असावे काय, आणि असल्यास त्यात गोळी कोणती घालावी? बाळकुमची भातखाचरे तर इमारतींखाली गेली. पण यांची वडिलोपार्जित जमीन मुरबाडकडे आहे आणि भात पोटरीला आले की तिथे रानडुकरे उतरतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र त्यांना आवडेल असे नाही.

साध्या परवान्यावर आपल्याला मिळते ते .३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या सरकारी कारखान्यात ते बनते आणि गोळी आपल्या खडकीची. ९ मिलिमीटरसारखी फौजेची गोळी साध्या परवान्यावर मिळतच नाही, म्हणजे निवडीला फारसा वावच नाही. .३२ ची ही गोळी जेमतेम सहा-साडेसहा ग्रॅमची आणि नळी आखूड. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पळत्या डुकरावर तिने नेम धरणे सरावलेल्या शिपायालाही कठीण. त्यातून डुक्कर नुसते जखमी झाले तर ते अंगावर येते. मग तुमच्यापाशी राहतात पाच गोळ्या आणि थरथरणारा हात. चोरून मिळणाऱ्या गावठी कट्ट्याचे तर नावच काढू नका. तो हातातच फुटतो, आणि नाही फुटला तरी तुरुंग आहेच.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याचा विचार निराळा केला आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, आणि ती पुरी पडणार नाही असे अधिकाऱ्यास पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे बहुधा बारा बोअरची बंदूक मिळू शकते. बाळकुम ठाणे शहरात येते, म्हणून तिथल्या रहिवाशाने अर्ज पोलीस आयुक्तांकडे करायचा, गावाकडच्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते. ते मनापासून घ्या, नुसत्या दाखल्यापुरते नको.

पण बंदूक मिळाली म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा मिळाली असे नव्हे. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी निराळी लागते. बिबट्याची गोष्ट तर आणखी कडक. जीव वाचवण्याचा प्रसंग सोडला तर त्याच्यावर बार काढणे मोठा गुन्हा आहे. येऊरच्या डोंगराशेजारी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. राखणीला दोघांनी मिळून जावे, मोठ्याने बोलत जावे, जवळ चांगली बॅटरी आणि काठी असावी. नुकसान झालेच तर पीक तसेच ठेवून वनखात्याकडे लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या. भरपाई मिळते.

आता भगिनींनो, तुमच्यासाठी. घरात शस्त्र असलेच तर ते उशाखाली किंवा खुंटीला नको. शस्त्र रिकामे करून एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या पोरांच्या नजरेआड. आपल्या कोकणच्या दमट हवेत पितळेवर हिरवे डाग चढतात. अशी काडतुसे वापरू नयेत. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी माणसांपासून दूर धरून अर्धा मिनिट थांबावे, मगच उघडावे. निवडणुकीत पोलिसांनी शस्त्र जमा करायला सांगितले तर पावती घ्यावी आणि ती परवान्याबरोबरच ठेवावी.