‘रुळली का?’ हा प्रश्न घराला विचारा

लग्नसराई संपली की वस्तीत नवे चेहरे दिसू लागतात. कुणी चंद्रपूरकडची, कुणी वाशीमची, कुणी नांदेडच्याही पुढच्या खेड्यातली. मग शेजारीण विचारते, नणंद विचारते, फोनवरून मावशी विचारते, “काय गं, रुळली का?” ती मान हलवते. दुसरं काय करणार? आमचं म्हणणं असं, की हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो. रुळायचं काम जणू तिचं एकटीचं! तिला रुळवायला घराने काय केलं, हे कुणी विचारत नाही. त्याचा हिशेब मग दवाखान्यात होतो. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर.

सरकारच्या २०२०-२१ च्या पाहणीत देशातल्या स्थलांतरित बायकांपैकी सुमारे ८७ टक्के बायकांनी गाव सोडण्याचं कारण ‘लग्न’ असं सांगितलं. तरी आपल्या बोलण्यात ‘स्थलांतरित’ म्हणजे कामासाठी शहरात आलेला पुरुष. तो निघतो तेव्हा खोली कुठे, काम कुठे, अडचण आली तर कुणाला गाठायचं, सगळं त्याला सांगून पाठवतात. सून निघते तेव्हा तिला भांडी देतात आणि “नीट राहा” असं सांगतात. ती सातशे-आठशे किलोमीटर दूर येते आणि ज्याच्यासाठी आली तो बारा तास ड्युटीवर असतो. पहिले सहा महिने तिला दवाखाना कुठे आहे हेही ठाऊक नसतं. आम्ही काही जणी पूर्वी वॉर्डात काम करत होतो, आता वस्तीत फिरतो. घरोघरी जे दिसतं, ते इथे मांडतो आहोत.

ती पाणी का पीत नाही?

नव्या सुनेच्या तब्येतीबद्दल पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो: दिवसाला पाणी किती पितेस? उत्तर बहुतेक वेळा दोन-तीन पेले असंच येतं. कारण तहान नाही असं नाही. कारण सार्वजनिक शौचालय. ते गल्लीच्या टोकाला, तिथे सकाळी रांग, रात्री दिवा नाही, बाहेर पोरं बसलेली. घरात सासरे-दीर, त्यांच्यासमोरून डबा घेऊन निघायची लाज. मग ती साधा उपाय करते. पाणीच कमी पिते आणि लघवी दाबून धरते.

आठ-पंधरा दिवसांत जळजळ सुरू होते, ओटीपोट दुखतं, मग थंडी वाजून ताप येतो. हा लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग. वेळेवर दाखवलं तर गोळ्यांनी बरा होतो. अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत जातो, आणि गरोदर बाई असेल तर दिवस भरायच्या आधी कळा सुरू होण्याचा धोका असतो. पाळीचंही तसंच. एका खोलीत कपडा उन्हात वाळवायला जागा नाही, म्हणून तो ओलसरच लपवून ठेवला जातो आणि तसाच पुन्हा वापरला जातो.

यावर औषधाआधी घराने काही गोष्टी करायच्या आहेत. तिला शौचालयाची वाट दाखवा. रात्री नवऱ्याने किंवा सासूबाईंनी सोबत जावं. पाळीचा कपडा वाळवायला दोरीवर जागा द्या. आणि तिच्या हातात पाण्याची बाटली द्या. लघवी फिकट रंगाची होत असेल तर पाणी पुरेसं. गडद पिवळी असेल तर कमी पडतंय. एवढी खूण घरात सगळ्यांना माहीत असावी.

तिची भाषा, तिचं दुखणं

वऱ्हाडाकडची पोरगी “काहून” म्हणाली की इकडच्या घरात हशा पिकतो. हसण्यात वाईट हेतू नसतो, हे मान्य. पण चार वेळा हसलं की ती बोलणं कमी करते. दवाखान्यात मग डॉक्टर तिला विचारतात आणि नणंद उत्तर देते. पांढरं अंगावरून जातं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, पाळी चुकली आहे, हे नणंदेच्या तोंडून कसं यायचं? म्हणून आमचा आग्रह आहे, की तपासणीच्या खोलीत तिला काही वेळ एकटीने नर्सताईंशी बोलू द्या. आणि घरात तिच्या बोलीवर हसू नका.

एकटेपणा हा सुद्धा आजाराचा दरवाजा आहे. झोप न लागणं, जेवण न जाणं, सारखं डोकं दुखणं, कारण नसताना रडू येणं, जगण्यात रस न वाटणं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर “माहेरची आठवण येते” म्हणून सोडून देऊ नये. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे चोवीस तास, पैसे न देता, मराठीतही बोलता येतं. पण त्याआधीचा उपाय घरातच आहे. तिचा फोन तिच्याकडे राहू द्या, आणि आईशी बोलताना कुणी कान देऊन बसू नका. मारहाण होत असेल तर ते रुळणं नव्हे. तिथे महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे.

लपवून आणलेली फाईल

आता सर्वांत अवघड गोष्ट. विदर्भात आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. तिकडच्या आशाताईला, प्राथमिक आरोग्य केंद्राला हा आजार माहीत असतो. ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द घराघरांत माहीत असतात. पण मुलगी मुंबई-पुण्याला नांदायला आली की तिची सिकलची फाईल माहेरच्या पेटीतच राहते. कधी विसरून, बहुतेकदा मुद्दाम. “सासरी कळलं तर परत पाठवतील.”

मग काय होतं? लग्नाची दगदग, रात्रभराचा रेल्वेप्रवास, नव्या घरातलं जागरण आणि कमी पाणी. नेमक्या याच गोष्टींनी सिकलचं दुखणं उसळतं. सांधे ठणकतात, पाठ-छाती दुखते, डोळे पिवळे दिसतात. गल्लीतला डॉक्टर अशक्तपणा म्हणून सलाईन लावतो, कारण सिकल असेल असं त्याच्या मनातही येत नाही. सासू म्हणते, कामाचा कंटाळा. आणि पोरगी स्वतःचा आजार माहीत असून गप्प बसते. छातीत दुखून दम लागणं ही सिकलच्या रुग्णासाठी जिवावरची वेळ असते. त्या वेळी गप्प बसणं जीव घेऊ शकतं.

म्हणून आधी समजून घेऊ. एएस म्हणजे वाहक. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, त्याला रोगी म्हणू नये. एसएस म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जण एएस असेल आणि दुसऱ्याचा रिपोर्ट पूर्ण सामान्य असेल, तर बाळ वाहक असू शकतं, पण सिकलचा रुग्ण नसतं. हा कुणाच्या रक्तातला कमीपणा नाही. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारत होता, त्या मुलखांत हा गुण टिकला, कारण वाहकाला मलेरियाचा जीवघेणा तडाखा कमी बसतो.

काही आईबाप आम्हाला तोंडावर सांगतात, “ताई, खरं सांगितलं तर लग्न मोडतं.” मोडतात, हे आम्हीही पाहतो. पण याचा इलाज लपवणं नाही. इलाज हा, की मुलाचा रिपोर्ट आधी मागावा. आजवर हा प्रश्न फक्त मुलीच्या माथी मारला गेला. वाहक मुलगाही असतो, आणि बाळाला आजार दोघांकडून मिळून येतो. पसंती झाली की दोन्ही घरांनी रिपोर्ट समोरासमोर ठेवावेत. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ मध्ये देशभरासाठी सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू झाली आहे. दोघेही एएस निघाले तरी निर्णय त्या दोघांचा. गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते, पण त्यासाठी गरोदरपणाच्या सुरुवातीलाच जावं लागतं. म्हणजे आधी माहीत असलं, तरच तिचा उपयोग.

आणि ज्या घरात एसएस असलेली सून आधीच आली आहे, तिथे एवढं करा. फाईल मागवून घ्या आणि पहिल्या महिन्यातच मोठ्या सरकारी रुग्णालयात नोंद करा. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर मूल हवं असण्याआधीच डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात ती सहसा थांबवतात. लोहाच्या गोळ्याही अशा रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल आजार अपंगत्वाच्या यादीत आला आहे, एसटीच्या प्रवासात रुग्णाला सवलत आहे. हे हक्क गाव बदलल्याने संपत नाहीत.

दोन गावांत वाटलेलं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. रीत वाईट नाही. आईजवळ बाई निवांत असते. पण नोंद इथे, तपासण्या अर्ध्या तिथे, सोनोग्राफीचा कागद तिसरीकडे, असं झालं की रात्री दोन वाजता कळा आल्यावर डॉक्टरांच्या हाती काहीच नसतं. पाळी चुकली की बारा आठवड्यांच्या आत नोंद करा. निदान चार तपासण्या व्हायलाच हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत कायम असावं. माहेरी जाताना कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट तिच्यासोबतच जावेत. बाळाची लस गाव बदललं म्हणून थांबवू नका. जिथे असाल तिथल्या सरकारी केंद्रात, त्याच कार्डावर ती पुढे चालू होते. एसएस असलेल्या सुनेचं बाळंतपण मात्र माहेरी की सासरी, हे रीतीवर ठरवू नका. जिथे रक्तपेढी आणि तज्ज्ञ डॉक्टर जवळ, तिथे.

कागद

रेशनकार्डावर तिचं नाव नसेल तर ऐन वेळी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काम अडतं. या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. म्हणून माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लग्नानंतर पहिल्या फेरीतच आणा. बँक खातं तिच्या स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं हवं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये तिच्याच खात्यात येतात. ते पैसे तिच्या खाण्यासाठी आहेत, मोबाईलच्या हप्त्यासाठी नाहीत. आणि आडनाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही. बदलायचं तर सगळीकडे बदला, नाहीतर कुठेच नको. आधारवर एक नाव आणि दवाखान्याच्या कागदावर दुसरं, यात बायकांचे हेलपाटे होतात.

पहिला महिना घराचा

हे सगळं कधी करायचं? आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या महिन्यात. आणि ते करायचं ज्याच्यासाठी ती आली त्याने. सुट्टीच्या एका दिवशी नवऱ्याने तिला घेऊन पायी फिरावं. हा आपला दवाखाना, ही हेल्थ पोस्ट, इथे आरोग्यसेविका बसतात, हे रेशनचं दुकान, ही बस, इथून स्टेशन. दुसऱ्या खेपेला तिला एकटीला जाऊ द्यावं. एकटीने दवाखान्यात जाऊन येणारी बाई आजार अंगावर काढत नाही.

सासूबाईंना आम्ही एकच आठवण करून देतो. तुम्हीही कधीतरी अशाच आला होता. तुम्हाला कुणी वाट दाखवली नाही, म्हणून सुनेलाही दाखवायची नाही, हा न्याय नाही. तुम्ही जे चाचपडत शिकलात ते तिला आठ दिवसांत सांगता येईल. घरात सर्वांत जास्त माहिती तुमच्याकडेच आहे.

आणि वस्तीतल्या महिला मंडळांना विनंती. यंदा नांदायला आलेल्या मुलींची एक यादी करा. नाव, गाव, सोबत जाणारी एक शेजारीण. एका रविवारी विहारात सगळ्यांना बोलवा, आरोग्यसेविकेची ओळख करून द्या, चहा घ्या, त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. त्यात एकाच तालुक्यातल्या दोघी निघाल्या तर बघा, त्या दिवसापासून दोघीही शौचालयाला सोबत जातील आणि पाणी पोटभर पितील.