बेल्ट पुसून भागत नाही!

“दादा, थोडं तेल गळतंय, बेल्ट पुसून दिलाय, चालवा बिनधास्त.” असं सांगणाऱ्या मिस्त्रीला आधी विचारा, इंजिन बसलं तर खर्च तू देणार का?

ट्रॅक्टरमुळं आपल्याला गळतीची सवय लागलीय. ट्रॅक्टरला बहुतेक टायमिंग गिअर असतात, ते तेलातच फिरतात. पण माल वाहायच्या बेल्टवाल्या गाडीत बेल्ट बहुधा कोरडाच चालायला बनवलेला असतो. कॅम किंवा क्रँकच्या सीलमधून तेल आलं की रबर फुगतं, दात झिजून तुटतात. टायमिंग चुकलं की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. एवढ्याशा सीलपायी हेड उतरवायची पाळी!

रबरात मुरलेलं तेल पेट्रोलनं पुसून निघत नाही. नुसता नवा बेल्ट टाकून सील जुनंच ठेवलं तर तोही भिजणार. सील, बेल्ट, टेन्शनर एकदमच बदला. ब्रीदर तुंबलाय का तेही बघा. आतला दाब वाढला की नवं सीलसुद्धा तेल सोडतं.

कव्हर काढल्यावर बेल्ट तेलकट दिसला तर गाडी तिथंच थांबवा. एक बाजार चुकला तर चालंल, ऐन तोडणीत इंजिन गेलं तर माल शेतातच सडंल.