चाकांवरचे घर लडाखला नेताना

पूर्वी बैलगाडीतून यात्रेला निघावयाचे तर घरातील वडीलधारी मंडळी आठवडाभर आधीच तयारीस लागत. शिधा मोजून बांधला जाई, बैलांसाठी कडबा लादला जाई आणि वाटेवरच्या कोणत्या गावी विहिरीला पाणी आहे याची चौकशी होई. पुढे मोटारी आल्या, ठायी ठायी उपाहारगृहे निघाली आणि ही सवय आपल्यातून गेली. आता मात्र असा एक प्रवास कुटुंबांना खुणावू लागला आहे, की ज्यास त्या जुन्या सवयीवाचून गत्यंतर नाही. झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली मोटार, म्हणजे कॅराव्हॅन, घेऊन वीज, नळ आणि दूरध्वनी यांच्यापासून दूर राहावयाचे, हा तो प्रवास होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून आपल्याकडेही या प्रवासाची चर्चा वाढली आहे.

कोकणात अशी गाडी नेली आणि काही विसरले, तर पुढच्या गावी ते मिळते. लडाखच्या वाटेवर तसे होत नाही. मनालीहून लेहकडे जाताना केलाँगजवळ तांडी येथे पेट्रोलचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याचे सांगणारा तेथील फलक प्रवाशांत प्रसिद्धच आहे. आपण पुण्याहून निघा, इंदुराहून निघा वा नागपुराहून. तयारीची खरी कसोटी या टापूत लागते. म्हणून आज त्या तयारीचा विचार करू.

प्रथम गाडीचा. जुनी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, टाकी व शेगडी बसवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ रचनेत मन मानेल तसा फेरफार करता येत नाही. नोंदणी कार्यालयाची मान्यता व नोंदणीपत्रात त्याची नोंद या दोन गोष्टी आधी कराव्यात. विम्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. नोंदणीपत्रात गाडीचे कमाल वजन दिलेले असते. सर्व सामान, भरलेली टाकी आणि माणसे यांसह गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन तो आकडा ओलांडला जात नाही ना, हे पाहावे. जड वस्तू तळाशी व दोन्ही आसांच्या मध्ये ठेवाव्यात. टपावर जड सामान लादलेली गाडी घाटातील वळणावर कलते.

पाणी आणि वीज

आता पाण्याचा हिशेब मांडू. उंचावरील कोरड्या हवेत चहासकट माणशी ४ लिटर पाणी पिण्यास धरावे, स्वयंपाकास २ आणि हात, तोंड व भांडी यांसाठी ३. म्हणजे माणशी ९ लिटर. चार माणसांच्या कुटुंबास दिवसाला ३६ लिटर, तीन दिवसांस १०८ आणि वाट अडली तर लागणारा चौथा दिवस धरून १४४ लिटर झाले. तेव्हा १५० लिटरांची टाकी हवी. आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्यामुळे केवळ पाण्याचाच भार दीड क्विंटल होतो, हेही ध्यानात ठेवावे. या हिशेबात स्नान नाही, हे चाणाक्ष गृहिणींच्या लक्षात आलेच असेल. तेथे ओल्या पंचाने अंग पुसून भागवावे लागते. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन टाकीहून वेगळे ठेवावेत. टाकीला गळती लागली तरी प्यावयास पाणी उरते.

विजेचा हिशेबही असाच सोपा आहे. १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी सुमारे २,५०० वॅट-तास वीज साठविते. त्यांतील २,००० वापरावयाचे असे धरू. लहान शीतकपाटास दिवसाला सुमारे ५००, चार दिव्यांना ६०, पाण्याच्या पंपास व पंख्यास ४० आणि फोन, कॅमेरा इत्यादींना १०० वॅट-तास लागले, तर रोजचा खर्च ७०० होतो. म्हणजे सूर्य दिसला नाही तरी जवळजवळ तीन दिवस निभावतात. टपावर ३०० वॅटचे सोलर पॅनेल असेल, तर चांगल्या उन्हात हा खर्च भरून निघतो. परंतु १,५०० वॅटची इंडक्शनची शेगडी तासभर चालविली, की त्या एका तासात दोन दिवसांहून अधिक दिवसांची वीज संपते. म्हणून तापविण्याचे काम विजेवर सोपवू नये. आणखी एक सूचना: या जातीची बॅटरी शून्य अंशाखालील तापमानात भारित केल्यास बिघडते. ती गाडीच्या आत, उबेत असावी.

चूल आणि शिधा

जसजसे वर जावे तसतसे पाणी कमी तापमानावर उकळू लागते. साडेचार हजार मीटरांवर ते ८५ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी बोटचेपी होत नाही आणि गॅस मात्र संपतो. प्रेशर कुकर ही तेथे चैन नसून गरज आहे. तूरडाळीपेक्षा मुगाची डाळ न्यावी. मेतकूट-भात, दुधातील दशम्या, भाजणी, गूळ-शेंगदाणे आणि लिंबाचे लोणचे हा आपल्या आजीबाईंचा शिधा या वाटेवर डबाबंद पदार्थांहून अधिक उपयोगी पडतो. उंचावर भूक मंदावते. अशा वेळी ओळखीची चव चार घास पोटात घालते.

गॅसचे नळकांडे उभे व पक्के बांधलेले असावे आणि गाडी चालू असताना त्याची कळ बंद ठेवावी. एक नियम तर कधीही मोडू नये. ऊब यावी म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा कोळशाची सिगडी पेटवून झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच दगावतो. जाड रजया, लोकरीचे मोजे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी एवढ्यावर रात्र निघते. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे लहान यंत्रही गाडीत अवश्य बसवावे.

उंचीचा हिशेब

येथवरच्या हिशेबांत आम्हीही चुकलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण मनालीमार्गे असेच निघालो होतो. पाणी, वीज, डिझेल, शिधा, सारे वहीत लिहिलेले होते. पहिला मुक्काम जिस्पाला, सुमारे ३,२०० मीटरांवर झाला, आणि दुसरा सरचू येथे, ४,३०० मीटरांच्या जवळपास. माझ्या वहिनींचे डोके जिस्पापासूनच दुखत होते. पण त्यांनी ते कोणास सांगितले नाही. “रात्री नीट झोप लागली नाही,” एवढेच त्या म्हणाल्या आणि सर्वांचा चहा करावयास उठल्या. सरचूच्या तळावर मध्यरात्री त्या उठल्या तो त्यांचे पाऊल सरळ पडेना. धाकट्या मुलाचे नाव त्यांना चटकन आठवेना.

अशा वेळी उपाय एकच असतो, तो म्हणजे खाली उतरणे. परंतु सरचूची भौगोलिक अडचण अशी, की तेथून खाली जावयाचे तर आधी वर चढावे लागते. लेहच्या बाजूस लाचुलुंग ला ही ५,००० मीटरांहून उंच खिंड आहे, तर माघारी केलाँगच्या बाजूस सुमारे ४,८९० मीटर उंचीची बारालाचा ला. जवळच्या तंबूवाल्याकडून प्राणवायूचे नळकांडे मिळाले म्हणून निभावले. पहाटेच्या अंधारात ती खिंड ओलांडून आम्ही केलाँगला उतरलो. दोन दिवसांत वहिनी सावरल्या. “तुम्हां सर्वांचा विरस होईल म्हणून बोलले नाही,” असे त्या म्हणाल्या. हे ऐकून आमच्या माना खाली गेल्या. कारण त्यांनी सांगितले असते तरी आम्ही कदाचित एक गोळी देऊन पुढेच गेलो असतो. आमच्या बेतात थांबण्यासाठी एकही दिवस राखलेला नव्हता.

म्हणून उंचीचा हिशेब सर्वांत आधी मांडावा. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. जिस्पा ते सरचू ही चढण या नियमाच्या दुपटीहून अधिक आहे. मग जावे कसे? चढताना श्रीनगरची वाट धरावी. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरांवर, सोनमर्ग व कारगिल २,७०० च्या आसपास आणि लेह ३,५०० वर आहे. वाटेतील झोजी ला आणि फोटू ला या खिंडी उंच असल्या तरी त्या दिवसा ओलांडून रात्री पुन्हा खाली झोपता येते. कारगिलहून लेहची चढण मात्र या नियमाहून अधिक आहे. म्हणून लेहला पोहोचल्यावर दोन-तीन दिवस संपूर्ण विश्रांती घ्यावी. पुढे आठवडाभर त्या परिसरात राहून अंग रुळले, की परतताना मनालीची वाट घ्यावी. त्या वेळी सरचू शरीरास इतके परके वाटत नाही. ही वाट सामान्यतः जून ते सप्टेंबरपर्यंतच भरवशाची असते. बर्फ वितळून वाहणारे ओहोळ दुपारनंतर फुगतात, म्हणून जेथे पूल नाही तेथे सकाळीच पार व्हावे.

डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही पहिली लक्षणे होत. ती असताना वर चढू नये. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, स्वस्थ बसले असता धाप लागणे ही धोक्याची लक्षणे होत. तेव्हा सकाळची वाट पाहण्यातही धोका असतो. हृदयविकार, दमा वा रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि प्रतिबंधक औषध घ्यावयाचे तेही त्यांनाच विचारून. वाटेच्या मोठ्या भागात फोन लागत नाही. तेव्हा मुक्कामांची यादी घरी ठेवून जावी.

मागे काय ठेवावयाचे?

लडाख हे थंड वाळवंट आहे. वर्षाकाठी तेथे जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा थंड व कोरड्या मातीत घाण कुजत नाही, वर्षानुवर्षे तशीच राहते. शौचकूपाची पेटी आणि भांड्यांचे खरकटे पाणी ओढ्याकाठी रिकामे करणे म्हणजे खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात ते ओतणे होय. चौघांच्या कुटुंबाची शौचाची पेटी दोन-तीन दिवसांत भरते. ती कोठे रिकामी करावयाची, हे मुक्काम ठरवितानाच ठरवावे. कचरा पिशव्यांत भरून परत आणावा.

एवढे झाल्यावर एक रंगीत तालीम करावी. कोणा आप्ताच्या शेतावर गाडी उभी करून घरातील सर्वांनी तीन दिवस तिच्यातच राहावे. नळ नाही, वीज नाही, दुकान नाही. कागदावरचा हिशेब कोठे चुकला, ते दुसऱ्याच दिवशी कळते, आणि तेथून घरी परतणे सोपे असते.

शेवटी, निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, पंधरा दिवसांची रजा असेल तर बेत बारा दिवसांचाच आखावा आणि तीन दिवस मोकळे ठेवावेत. दुसरी, घरातील कोणीही, मग ती आजी असो वा आठ वर्षांचे मूल, “मला बरे वाटत नाही” असे म्हणाल्यास गाडी तेथेच थांबेल. आणि “आता परत फिरू” असे कोणी म्हटले, तर त्यावर वाद होणार नाही. विशेषतः घरातील स्त्रियांना हे स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण आपले दुखणे गिळून इतरांचा आनंद राखण्याची सवय त्यांना लहानपणापासून लागलेली असते. रोज सकाळी टाकीतील पाणी पाहाल, बॅटरीचा आकडा पाहाल; त्याबरोबर प्रत्येकाला रात्र कशी गेली हेही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत किल्ली फिरवू नका.