पुस्तकाचा पत्ता सांगा पाहू!

दोस्तांनो, जालन्याला पत्र पाठवायचं आहे. पत्त्याच्या शेवटी काय लिहाल? बरोबर, पिनकोड! ४३१२०३. ही पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती तयार केली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. पहिला आकडा ४ पाहिला, की पत्र देशाच्या कोणत्या भागात जायचं ते कळतं. पुढचा एकेक आकडा पत्राला मुक्कामाच्या जवळ जवळ नेतो.

मग वाचनालयातल्या पुस्तकालाही असाच पत्ता नको का? पाच हजार पुस्तकांत तुम्हाला हवं असलेलं एकच पुस्तक चुकीच्या फळीवर जाऊन बसलं, तर ते असून नसल्यासारखंच. जागा चुकलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक!

आकड्यांनी पत्ता सांगायची युक्ती जालना जिल्ह्याला नवी नाही बरं का. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांच्या दासबोधात २० दशक आहेत आणि प्रत्येक दशकात १० समास. म्हणजे एकूण २००. समासात ओव्यांनाही क्रमांक. आता आजोबांकडची जुनी प्रत आणि तुमच्या शाळेतली नवी प्रत यांचे पान क्रमांक जुळणार नाहीत. पण दशक, समास आणि ओवी सांगितली, की दोन्ही प्रतींत नेमकी तीच ओवी सापडते. कारण हा पत्ता कागदाच्या पानाला नाही, तर मजकुराला दिलेला आहे.

हीच गोष्ट पुस्तकांच्या बाबतीत १८७६ साली अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी केली. त्याआधी पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तकाला क्रमांक मिळे तो कपाटाचा आणि फळीचा. कपाटं हलवली, की सगळे क्रमांक बदला! ड्यूईंनी क्रमांक दिला तो पुस्तकाच्या विषयाला. सगळ्या ज्ञानाचे त्यांनी दहा भाग केले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. म्हणून या पद्धतीचं नाव दशांश वर्गीकरण.

क्रिकेटचं पुस्तक शोधू या. ७०० मध्ये कला आणि करमणूक. त्यात ७९६ म्हणजे मैदानी खेळ. ७९६.३ म्हणजे चेंडूचे खेळ. ७९६.३५ म्हणजे बॅट किंवा काठीने चेंडू मारायचे खेळ. आणि ७९६.३५८ म्हणजे क्रिकेट! जालन्यात असो की लंडनमध्ये, जिथे ही पद्धत आहे तिथे क्रिकेटचा पत्ता हाच. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो असतो.

इथे एक गंमत आहे. ७९६.४ आधी की ७९६.३५८? घाईत कुणी म्हणेल, ४ पेक्षा ३५८ मोठे! पण हे दशांश अपूर्णांक आहेत. म्हणून ७९६.३५८ आधी आणि ७९६.४ नंतर. पाहा, गणिताच्या तासाचा वाचनालयातही उपयोग होतो!

पण ड्यूईंच्या पद्धतीत एक खोटही होती. साहित्याच्या दहा घरांपैकी बहुतेक घरं इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा पाश्चात्त्य भाषांना मिळाली. जगातल्या उरलेल्या सगळ्या भाषा ८९० या एकाच घरात दाटीवाटीने बसवल्या. त्यामुळे मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ असा लांबलचक झाला. घर बांधणारा स्वतःच्या माणसांना ऐसपैस खोल्या देतो, तसंच हे.

आपल्याकडचे डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांना वाटलं, विषय नुसते कप्प्यांत कोंबून कसं चालेल? लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. तेच सुटे तुकडे वेगवेगळे जोडून कधी गाडी, कधी पूल! तसेच विषयाचे तुकडे जोडून त्यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध केली. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

आता तुम्हीच ग्रंथपाल व्हा. दासबोध कुठे ठेवाल? मराठी काव्यात, ८९१.४६१ वर? की हिंदू धर्माच्या पुस्तकांत, २९४.५ वर? दोन्ही उत्तरं चुकीची म्हणता येणार नाहीत. पण एक प्रत एकाच जागी राहू शकते. म्हणून ग्रंथपाल विचार करून जागा ठरवतात. ती कुठली ते आपल्याला तालिकेतून, म्हणजे पुस्तकांच्या यादीतून, कळतं.

या आठवड्याचं काम : शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात जा. तिथे पुस्तकं कशी लावली आहेत ते ग्रंथपालांना विचारा. काही लहान वाचनालयांत ती नुसती कथा, कादंबरी, चरित्र अशीही लावलेली असतात. मग आवडत्या विषयाचा पत्ता शोधून वहीत लिहा. आणि हो, पाहून झालेलं पुस्तक जागा नक्की माहीत नसेल तर अंदाजाने कुठेही खुपसू नका. ते सरळ टेबलावर ठेवा. नाहीतर तुमच्यानंतर येणाऱ्या मित्राला ते कधीच सापडायचं नाही!