कुस्ती सुटते रात्री, शेवटची एसटी जाते संध्याकाळी
जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी झाल्या. प्रेक्षकाच्या परतीचा प्रश्न मात्र चितपट झालाच नाही

अहिल्यानगर : कुस्तीवेड्या नगर जिल्ह्याला २०२५ मध्ये दुहेरी मान मिळाला. २९ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२५ या काळात नगर शहरात वाडिया पार्कवर ६७ वी महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज मोहोळने गदा मारली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोवर २६ ते ३० मार्चला कर्जतमध्ये दुसरी महाराष्ट्र केसरी भरली. तिथं वेताळ शेळके विजयी ठरला. राज्यात कुस्तीच्या दोन संघटना, म्हणून केसरीही दोन. त्यावर पारावर बरीच चर्चा झाली. पंचांचा निर्णय, लाथ, निलंबन, सगळं चघळून झालं.

पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. हजारो माणसं कुस्ती बघायला आली, ती रात्री घरी कशी गेली?

रविवार, रात्र आणि एसटी

दोन्ही स्पर्धांचा शेवटचा दिवस रविवार होता. त्यातही कर्जतचा रविवार म्हणजे गुढीपाडवा. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते, म्हणून आयोजक रविवार धरतात. त्यांच्या बाजूनं ते बरोबर आहे.

एसटीचं गणित मात्र उलटं चालतं. तालुक्यातून खेड्यात जाणाऱ्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांवर चालतात. रविवारी शाळा बंद, की त्यातल्या फेऱ्याही बंद. राहते ती मुक्कामी गाडी. ती दिवेलागणीला किंवा त्यानंतर थोड्या वेळानं गावात जाते आणि रात्री तिथंच थांबते. म्हणजे ज्या दिवशी प्रेक्षक सगळ्यात जास्त, त्याच दिवशी गावाकडं जायला गाड्या सगळ्यात कमी.

आणि मोठी कुस्ती लागते कधी? दिवे लागल्यावर. पाहुणे येणार, सत्कार होणार, भाषणं होणार, मग मानाची लढत. गदा खांद्यावर चढेपर्यंत मुक्कामी गाडी गावात जाऊन ड्रायव्हर-कंडक्टर जेवून झोपलेले असतात.

काहीजण म्हणतात, रात्री तिथंच थांबायचं आणि सकाळी यायचं. तेही सोपं नाही. पहाटे मुक्कामी गाडी गावातून शहराकडं निघते. शहरातून गावाकडं जाणारी पहिली गाडी त्यानंतरच मिळणार. धारा काढायला घरी पोचायचं असेल तर या थांबण्याचा उपयोग शून्य.

तिकीट फुकट, पण गाडीच नाही

पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरचा म्हातारा वस्ताद डोळ्यांसमोर आणा. वय पंच्याहत्तरच्या पुढं. ऑगस्ट २०२२ पासून त्याला एसटीचा प्रवास मोफत आहे. त्याच्याहून लहान, पण पासष्टी ओलांडलेल्या जोडीदाराला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून बायाबापड्यांना अर्धं तिकीट. त्यामुळं २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरी या मंडळींना त्याची फारशी झळ लागली नाही.

म्हणजे कागदावर वस्तादाची कुस्तीवारी फुकटात होते. जाताना होतेही. येताना गाडीच नसली तर सवलत कशावर घ्यायची? मग तालमीतल्या पोरांबरोबर पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून यावं लागतं. ज्या घरात पोरीही कुस्ती खेळतात, तिथं तर आई-बाप आधीच सांगतात, रात्रीचं जायचं नाही, टीव्हीवर बघा.

पिकअपचा हौदा आणि उसाची ट्रॉली

गावाकडं हा प्रश्न कसा सुटतो ते सगळ्यांना माहीत आहे. डिझेलची वर्गणी निघते आणि छोटा हत्ती किंवा पिकअप निघतो. दिवसा कांदा वाहणारी गाडी रात्री माणसं वाहते. मालवाहू गाडीत प्रवासी बसवायला कायद्यानं बंदी आहे, हे एक झालं. दुसरं जास्त महत्त्वाचं. अशा गाडीला अपघात झाला तर हौद्यातल्या माणसांना विमा कंपनी साधारणपणे भरपाई देत नाही. मग बोजा येतो गाडीमालकावर. तो बहुतेक गावातलाच, हप्ते फेडणारा शेतकरी.

त्यात फेब्रुवारी म्हणजे उसाचा ऐन हंगाम. श्रीगोंदा, राहुरी, नेवासा, श्रीरामपूर या पट्ट्यात रात्रीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. कित्येकांना मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिवसभर कुस्त्या बघून दमलेला ड्रायव्हर, मागं वीस माणसं, समोर अंधारात ट्रॉली. आतापर्यंत निभावलं म्हणून पुढंही निभावेल, असं धरून चालता येत नाही.

शहर वेगळं, तालुका वेगळा

नगर शहरात निदान पर्याय तरी होते. वाडिया पार्क शहरातच आहे. माळीवाडा स्थानकावरून पायी जाता येतं, रेल्वे स्टेशनवरून रिक्षा मिळते. कोल्हापूर, सांगलीकडच्या शौकिनांना महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट नगरला उतरवते. अडचण एवढीच की शहरात माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकातलं पुणे बसस्थानक अशी तीन स्थानकं आहेत. सकाळी एकावर उतरलेला माणूस रात्री परतीची गाडी दुसरीकडूनच सुटते म्हणून पळापळ करतो.

कर्जतला रेल्वेच नाही. पुणे-सोलापूर मार्गावर भिगवणला उतरायचं आणि राशीनमार्गे रस्त्यानं यायचं. किंवा नगरहून एसटीनं यायचं. आणि हो, मोबाईलवर रेल्वेचं तिकीट काढताना ‘कर्जत’ टाकलं तर जे स्टेशन येतं ते रायगड जिल्ह्यातलं, मुंबई-पुणे मार्गावरचं. बाहेरगावच्या पाहुण्याला हे आधी सांगितलं नाही तर तो घाटाखालीच उतरायचा.

नगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. चौदा तालुके. अकोल्याचा कुस्तीशौकीन कर्जतला यायचं म्हणाला तर त्याला जिल्ह्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला यावं लागतं. स्पर्धा तालुक्यात आली ही चांगलीच गोष्ट. पण स्पर्धा तालुक्यात न्यायची, तर वाहतूकही तालुक्यापर्यंत न्यावी लागते.

उपाय पंढरीच्या वाटेवर आहे

यावर नवीन काही शोधायची गरज नाही. आषाढीला एसटी जे करते तेच करायचं. गावातल्या ४० किंवा जास्त माणसांनी एकत्र मागणी केली की एसटी त्या गावातून थेट पंढरपूरला गाडी देते. २०२४ च्या आषाढीला महामंडळानं ५ हजार जादा गाड्यांचं नियोजन केलं होतं. या गाड्यांत बायांची आणि ज्येष्ठांची सवलतही चालते. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेला, नवरात्रात मोहटादेवीला जादा गाड्या सोडायचा अनुभव जिल्ह्यातल्या आगारांना वर्षानुवर्षांचा आहे.

आज कुणाला एसटी हवी असेल तर प्रासंगिक करारावर मिळते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी घेतात तीच पद्धत. पण तिथं अख्ख्या गाडीचं भाडं भरायचं असतं, त्यात वस्तादाची मोफत सवलत किंवा बायांचं अर्धं तिकीट धरलं जात नाही. तालमीच्या पोरांना ते झेपत नाही. म्हणून आषाढीसारखी तिकिटाची गाडी पाहिजे.

एसटीची बाजूही समजून घेतली पाहिजे. गाड्या कमी, ड्रायव्हरच्या ड्युटीला तासांची मर्यादा, सणाला पुण्या-मुंबईकडची गर्दी. एका बाजूनं रिकामी गाडी पळवायला कोणताही आगारप्रमुख तयार होणार नाही. पण चाळीस माणसं जाताना आणि तीच चाळीस येताना ठरलेली असतील तर गाडी रिकामी पळतच नाही. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला देतं. आयोजकांनी फक्त दोन कामं करायची. पहिलं, पंधरा दिवस आधी तालमी आणि ग्रामपंचायतींकडून गावनिहाय मागणी गोळा करून आगाराला द्यायची. दुसरं, शेवटची कुस्ती किती वाजता सुटणार ते जाहीर करायचं आणि पाळायचं. दोन सत्कार कमी झाले तर कुणाचा मान जात नाही.

तोपर्यंत गावकऱ्यांनी काय करावं

चैत्रात जत्रा असतात, गावोगाव हगामे असतात. जवळच्या हगाम्याला दुचाकी चालते. लांबच्या स्पर्धेला जाताना शेवटच्या गाडीची वेळ आगाराच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या. गट मोठा असेल तर प्रवासी परवान्याची जीप किंवा मिनीबस ठरवा. चार पैसे जास्त जातील, पण विमा लागू राहील. पिकअपशिवाय पर्यायच नसेल तर निदान म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना मागं बसवू नका.

पुढच्या वर्षी महाराष्ट्र केसरी कुठल्याही जिल्ह्यात भरो, आखाड्याची माती, मॅट, मंडप, व्हीआयपी पार्किंग यांची तयारी महिनाभर आधी सुरू होईल. त्याच बैठकीत आगारप्रमुखाला एक खुर्ची द्यावी. पैलवान हरला तरी त्याला घेऊन जायला गाडी उभी असते. वर्गणी काढून त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला आलेल्या माणसानं रात्री अकरा वाजता रस्त्याच्या कडेला हात दाखवत उभं राहायचं, हे काही बरोबर नाही.