हौसेचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. पण ते मोल पुष्कळदा दुसऱ्यालाच द्यावे लागते. सिंहमाशाची गोष्ट पाहा.

हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळांच्या आश्रयाने राहणारा हा मासा मोठा डौलदार. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, आणि पसरलेले पर म्हणजे जणू सिंहाची आयाळच! पण त्याच्या पाठीवर विषारी काटे असतात. तोंडात मावेल तो मासा तो सबंध गिळतो. अमेरिकेत अनेकांनी त्याला हौसेने घरच्या काचपेटीत ठेवले. पिल्लू वाढून हातभर झाले, पेटी अपुरी पडू लागली. तेव्हा कोणी तरी त्याला समुद्रात सोडून दिले असावे, असे शास्त्रज्ञ मानतात. १९८५ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ तो प्रथम आढळला. तेथे त्याला खाणारे फारसे कोणी नाही, आणि मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते! पुढे त्याने कॅरिबियन समुद्र व्यापला. तेथील लहान माशांना हा नवा वैरी ओळखताही येत नाही.

मग मासे पाळूच नयेत काय? अवश्य पाळावेत. परंतु आणण्यापूर्वी विचारावे : हा केवढा वाढेल? काय खाईल? किती वर्षे जगेल? ज्याच्या पूर्ण वाढीला घरात जागा नाही, त्याला आणणे हे प्रेम नव्हे. आणि सांभाळणे अशक्य झालेच, तर तो जाणत्याच्या स्वाधीन करावा; नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नये. एकाला मोकळे करताना हजारोंचा घास जात असेल, तर ती दया कसली?